चिकटविलेल्या सांध्यांची परीक्षा आणि मार्गदर्शित तरंग : एक ऐतिहासिक आलोचन

१

धातूचे दोन पत्रे एकमेकांस जोडण्याचे जे प्रकार रूढ आहेत, त्यांपैकी रिव्हेट आणि बोल्ट ह्यांचा व्यवहार उघड्यावरचा आहे. रिव्हेट सैल झाला, त्याचे डोके झिजले किंवा त्याच्या भोकाच्या कडेस चीर पडली, तर ती गोष्ट अनुभवी तपासनिसाच्या डोळ्यास अथवा बोटास बहुधा जाणवते. चिकटविलेल्या सांध्याचे तसे नाही. दोन पत्र्यांच्या मध्ये असलेला आसंजकाचा, म्हणजे चिकटविणाऱ्या द्रव्याचा, थर जेमतेम एकदोन दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. आणि सांधा पुरा होताच तो कायमचा दृष्टीआड होतो. सांधा उघडून पाहावयाचा म्हणजे तो मोडावयाचाच. म्हणून अशा सांध्याची परीक्षा त्यास धक्का न लावता करावयाची हा प्रश्न गेली ऐंशीहून अधिक वर्षे विमानशास्त्रज्ञांपुढे उभा आहे.

ह्या एका प्रश्नात वस्तुतः तीन प्रश्न दडलेले आहेत. पहिला, दोन पत्र्यांच्या मध्ये आसंजक सर्वत्र पसरलेले आहे काय? दुसरा, ते नीट पक्व होऊन घट्ट झाले आहे काय? आणि तिसरा, ते पुढेही धरून ठेवील काय? ह्या तिन्ही प्रश्नांची गल्लत झाली म्हणजे परीक्षायंत्राकडून नको तितकी अपेक्षा केली जाते, आणि त्याची किंमत प्रवाशास मोजावी लागते. श्राव्यातीत कंप्रतेच्या मार्गदर्शित तरंगांनी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देण्यात मोठी मजल मारली आहे. तिसऱ्या प्रश्नाच्या उंबरठ्यावर मात्र ते थांबले आहेत. हे कसे घडले, हे समजण्यासाठी त्या तरंगांचा इतिहास मुळापासून पाहणे अवश्य आहे.

२

मार्गदर्शित तरंगांची कल्पना कारखान्यात जन्मास आली नाही. ती भूकंपाच्या अभ्यासातून आली. घन पदार्थाच्या अंतर्भागात दोन प्रकारचे तरंग जातात, एक दाबाचे आणि दुसरे कर्तनाचे, हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ठाऊक झाले होते. १८८५ साली लॉर्ड रॅली ह्यांनी गणिताने असे दाखविले की, घन पदार्थाच्या मोकळ्या पृष्ठालगत धावणारा आणखी एक तरंग संभवतो. खोल जावे तसतसे त्याचे चलन झपाट्याने क्षीण होत जाते. भूकंपात अशा तरंगांचे महत्त्व असावे असे अनुमानही त्यांनी त्याच वेळी केले होते.

ह्या अनुमानास पुष्टी मिळण्यात भारतातील एका मोठ्या आपत्तीचा वाटा आहे. १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम ह्यांनी त्या भूकंपाचा सविस्तर वृत्तान्त लिहिला. आणि दूरदेशीच्या भूकंपलेखांची छाननी करता करता त्यांना असे आढळले की, एकाच धक्क्याचे तरंग तीन वेगवेगळ्या टप्प्यांनी येऊन पोहोचतात. पहिले दोन टप्पे पृथ्वीच्या पोटातून येणारे, तर तिसरा पृष्ठावरून येणारा होता. पुढे १९११ साली ऑगस्टस लव्ह ह्यांनी दाखवून दिले की, खालच्या खडकापेक्षा वरच्या थरात कर्तन तरंगाचा वेग कमी असेल, तर आडव्या दिशेने हलणारा एक तरंग त्या वरच्या थरातच अडकून दूरवर जातो. १९२४ साली रॉबर्ट स्टोनली ह्यांनी दोन घन पदार्थ जेथे एकमेकांस भिडतात, त्या सीमेलगत धावणाऱ्या तरंगाचे विवेचन केले. थर आणि त्यांची सीमा ह्यांचा हा सारा विचार पृथ्वीच्या कवचासाठी झाला होता. परंतु चिकटविलेल्या सांध्याचा प्रश्नही थराचा आणि सीमेचाच आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ह्या मालिकेतील मुख्य पाऊल १९१७ साली मँचेस्टर येथील गणिती होरेस लॅम ह्यांनी टाकले. पृष्ठ एकच नसून दोन असतील, म्हणजे पदार्थ पत्र्याच्या आकाराचा असेल, तर काय होते, हा त्यांचा प्रश्न होता. अशा पत्र्यात शिरलेला तरंग वरच्या व खालच्या पृष्ठावर आळीपाळीने आपटत पुढे जातो, आणि ह्या परावर्तनांच्या मिलाफातून काही ठरावीक रीतींचीच चलने टिकून राहतात. त्यांची दोन कुळे आहेत. एका कुळात पत्रा दोन्ही बाजूंनी सारखाच फुगतो व आकसतो; दुसऱ्यात तो वाऱ्यावर फडफडणाऱ्या कापडाप्रमाणे वरखाली लवतो. पहिल्यास सममित व दुसऱ्यास प्रतिसममित म्हणतात. पत्रा स्वतःच तरंगाचा मार्ग ठरवितो, म्हणून अशा तरंगांस मार्गदर्शित तरंग हे नाव सार्थ आहे.

ह्या तरंगांचे दोन गुण पुढील कथेसाठी महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, त्यांची ऊर्जा पत्र्याबाहेर सहसा जात नसल्याने ते दूरवर पोहोचतात. दुसरा असा की, त्यांचा वेग कंप्रता आणि जाडी ह्यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात मूळ सममित तरंग सेकंदास सुमारे ५,४०० मीटर वेगाने जातो. प्रतिसममित तरंग कमी कंप्रतेस मंद असतो आणि कंप्रता वाढेल तसा वेग घेतो. त्यामुळे वाटेत एका स्पंदाचे घटक एकमेकांपासून पांगतात व तो लांबट होतो. ह्यास अपस्करण म्हणतात. दूरवर पोहोचण्याचा गुण उपकारक, तर अपस्करणाचा गुण त्रासदायक. आणि ह्या दोहोंची गाठ सुटता येत नाही.

३

लॅम ह्यांचे गणित प्रसिद्ध झाले तेव्हा ते पडताळण्याजोगे साधन जवळपास नव्हते. तसे साधन त्याच महायुद्धात घडत होते. क्यूरी बंधूंनी १८८० साली शोधलेल्या दाबविद्युत परिणामाचा उपयोग करून पॉल लांजव्हँ ह्यांनी पाणबुड्यांचा ठाव घेण्यासाठी श्राव्यातीत ध्वनीचा उत्पादक तयार केला. क्वार्ट्झचे पातळ तुकडे पोलादाच्या दोन जाड तबकड्यांमध्ये चिकटवून तो बनविला होता. म्हणजे श्राव्यातीत तंत्राचे पहिले परिणामकारक उपकरण स्वतःच एका चिकटविलेल्या सांध्यावर अवलंबून होते.

धातूतील दोष शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनी वापरावा ही सूचना लेनिनग्राड येथील सर्गेई सोकोलोव्ह ह्यांनी १९२८ च्या सुमारास केली. दोषाच्या आड ध्वनीची छाया पडते, असे त्यांचे तत्त्व होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे फ्लॉइड फायरस्टोन ह्यांनी ह्याहून सोयीची पद्धती काढली. आखूड स्पंद धातूत सोडावयाचा आणि दोषावरून परतणाऱ्या त्याच्या प्रतिध्वनीची वाट पाहावयाची. ह्या उपकरणास १९४२ साली एकस्व मिळाले. त्याच काळात ब्रिटनमध्ये डोनाल्ड स्प्राउल ह्यांनी स्वतंत्रपणे तशीच रचना केली होती.

प्रतिध्वनीची ही पद्धती जाड ओतीव व घडीव भागांस उत्तम लागू पडली. पातळ पत्र्यास मात्र ती जड जाते. अॅल्युमिनियममध्ये २ मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या दाबतरंगाची लांबी सुमारे ३ मिलिमीटर असते. पत्राच एक मिलिमीटर जाडीचा असेल, तर वरचा आणि खालचा प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून जातात. जेथे जाडीच्या दिशेने पाहणे अडचणीचे होते, तेथे पत्र्याच्या लांबीच्या दिशेने पाहावे, हा विचार स्वाभाविक होता. अमेरिकेतील हॅनफर्ड येथील अणुकेंद्रात काम करणारे डी. सी. वर्ल्टन ह्यांनी १९५७ मध्ये लॅम तरंगांचा अविनाशक परीक्षेसाठी उपयोग सुचविला, आणि १९६१ मध्ये मेगाहर्ट्झ कंप्रतेस त्या तरंगांचे अस्तित्व प्रयोगाने पडताळून दाखविले. गणित आणि त्याचा कारखान्यातील उपयोग ह्यांमध्ये अशा रीतीने सुमारे चाळीस वर्षांचे अंतर पडले.

४

ज्या सांध्यांची परीक्षा करावयाची, ते सांधेही ह्याच काळात विमानात शिरले. केंब्रिजजवळील डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रॉइन ह्यांनी १९३४ मध्ये एरो रिसर्च ही संस्था काढली होती. लाकडासाठी आसंजके करता करता १९४१ साली त्यांनी धातूस धातू जोडणारे द्रव्य शोधले. फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझीनचा द्रव लेप द्यावयाचा, त्यावर पॉलिव्हिनिल फॉर्मलची भुकटी पेरावयाची आणि दाब व उष्णता ह्यांखाली ते पक्व करावयाचे, अशी त्याची कृती होती. रेझीन घट्टपणा देते. भुकटी चिवटपणा देते. ह्या द्रव्यास रेडक्स असे नाव मिळाले. ‘रिसर्च’ आणि ‘डक्सफर्ड’ ह्या शब्दांच्या आद्याक्षरांपासून ते बनले आहे.

डी हॅव्हिलँड कंपनीने हे आसंजक हॉर्नेट आणि डव्ह ह्या विमानांत, व पुढे १९४९ साली प्रथम उडालेल्या कॉमेट ह्या जेट विमानात वापरले. कॉमेटचे १९५४ चे अपघात धातूच्या शिणवट्यामुळे झाले होते. त्यांचा दोष आसंजकाकडे जात नाही. हॉलंडमधील फोकर कंपनीने ही पद्धती फार विस्ताराने अंगीकारली. २४ नोव्हेंबर १९५५ रोजी प्रथम उडालेल्या फोकर एफ-२७ फ्रेंडशिप विमानात चिकटविलेल्या सांध्यांचा मुबलक वापर होता. इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात हे विमान १९६१ मध्ये दाखल झाले. त्यातून प्रवास करणाऱ्या भारतीय उतारूंपैकी फारच थोड्यांस आपल्या भोवतालची भिंत चिकटवून बनविलेली आहे ह्याची कल्पना असेल.

रिव्हेटांच्या भोकांशी ताण एकवटतो, तसा तो चिकटविलेल्या सांध्यात एकवटत नाही. भार सांध्याच्या रुंदीवर पसरतो, वजन वाचते आणि शिणवटा लांबणीवर पडतो. हे लाभ खरे होते. परंतु सांधा चांगला झाला आहे हे कसे ओळखावे? बाजारात मडके घेताना गिऱ्हाईक ते बोटाने वाजवून पाहते. विमानाच्या कारखान्यातही नाण्याने किंवा लहान हातोडीने पत्रा ठोकून पाहण्याची रीत रूढ झाली. जेथे सांधा सुटलेला असतो तेथे आवाज बद्द येतो. ही रीत अद्यापही वापरात आहे, पण ती मोठे दोषच दाखविते व ऐकणाऱ्याच्या कानावर अवलंबून असते. फोकर येथे आर. जे. स्लीकेलमान ह्यांनी अनुस्पंदनाच्या तत्त्वावर एक परीक्षायंत्र सिद्ध केले. दाबविद्युत स्फटिक पत्र्यावर टेकवावयाचा, त्याची कंप्रता बदलत न्यावयाची आणि खालच्या सांध्यामुळे त्याचे अनुस्पंदन किती सरकते, हे मोजावयाचे. फोकर परीक्षक ह्या नावाने ते जगभर प्रसिद्ध झाले. आसंजकाच्या थरात पोकळ्या असल्या किंवा थर विरळ असला, तर ते यंत्र त्याची चांगली दखल घेई. आसंजक आणि धातू ह्यांच्या सीमेवरचा दुबळेपणा मात्र त्यास उमगत नसे. शिवाय ते एका वेळी एकाच बिंदूची परीक्षा करी, आणि विमानाच्या अंगावर सांध्यांची लांबी शेकडो मीटर असते.

५

ह्या उणिवेचा अर्थ काय, हे २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर दिसून आले. अलोहा एअरलाइन्सचे एक बोइंग ७३७ विमान हिलोहून होनोलुलूस निघाले होते. सुमारे २४,००० फूट उंचीवर असताना त्याच्या पुढील भागाचे छप्पर सुमारे साडेपाच मीटर लांबीपर्यंत उडून गेले. विमानात ९५ माणसे होती. वैमानिकांनी ते माउई बेटावरील काहुलुई येथे सुखरूप उतरविले. तथापि एक परिचारिका आकाशात ओढली जाऊन मृत्यू पावली व अनेक प्रवासी जखमी झाले. ह्या विमानाची तोपर्यंत ८९,६८० उड्डाणे झाली होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ह्या घटनेची कारणपरंपरा उलगडली आहे. विमानाच्या देहावरील पत्रे एकमेकांवर चढवून जोडलेले होते, आणि त्यांच्यामध्ये एपॉक्सीने भिजविलेल्या विरळ विणीच्या कापडाचा थर होता. हे कापड वापरण्याच्या क्षणापर्यंत अतिशय थंड ठेवावे लागे. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरले, किंवा ते वेळेपूर्वीच पक्व होऊ लागले, तर सांधा दिसावयास ठीक, पण आतून दुबळा होई. समुद्रकाठच्या दमट व खारट हवेत तेथे ओलावा शिरला, गंज चढला आणि सांधा सुटत गेला. भार पत्र्यांमधील थराने वाहावा अशी योजना होती. थर सुटताच तो रिव्हेटांवर आला. रिव्हेटांची डोकी पृष्ठाशी समतल बसावीत म्हणून पातळ पत्र्यात खोलगट भोके केलेली होती; त्यांच्या सुरीसारख्या धारदार कडांपासून शिणवट्याच्या चिरा निघाल्या, आणि त्या एकमेकींस मिळाल्या. बोइंगने ही थंड आसंजनाची पद्धती १९७२ मध्येच सोडून दिली होती. पण आधी बांधलेली विमाने उडतच होती.

सांधा सुटल्याचे कंपनीच्या देखभाल-व्यवस्थेस ओळखता आले नाही, हे मंडळाने अपघाताच्या संभाव्य कारणांत स्पष्टपणे नमूद केले. जुन्या विमानांच्या परीक्षेचा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. अपघाताच्याच वर्षी, १९८८ मध्ये, अमेरिकेत विमानसुरक्षा संशोधनाचा कायदा झाला, आणि १९९१ मध्ये सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या आश्रयाने अविनाशक परीक्षापद्धतींची कसोटी घेणारे केंद्र निघाले.

६

मार्गदर्शित तरंगांकडे संशोधकांचे लक्ष नव्याने वळले, ते ह्या पार्श्वभूमीवर. युक्ती साधी आहे. एकमेकांवर चढविलेल्या दोन पत्र्यांच्या सांध्यात वरच्या पत्र्यावर प्रेषक ठेवावयाचा आणि सांध्यापलीकडे खालच्या पत्र्यावर ग्राहक ठेवावयाचा. तरंगास पलीकडे जावयाचे तर आसंजकाच्या थरातूनच उतरावे लागते. दुसरी वाट नाही. थर सुटलेला असेल तर तरंग पोहोचत नाही किंवा क्षीण होऊन पोहोचतो. असे जोडसाधन सांध्याच्या कडेने ओढीत नेले, म्हणजे बिंदूऐवजी एकेक पट्टाच तपासून होतो.

युक्ती साधी असली, तरी तिचा हिशोब साधा नाही. सांध्याच्या जागी पत्रा, आसंजक आणि पत्रा असा तीन थरांचा नवाच मार्ग बनतो, आणि त्याची चलने एकट्या पत्र्याच्या चलनांहून निराळी असतात. एका पत्र्यातून आलेला तरंग सांध्याच्या कडेस ह्या नव्या चलनांत विभागला जातो. ती चलने वेगवेगळ्या वेगांनी जातात, आणि दुसऱ्या कडेस पुन्हा मिसळतात. म्हणून चांगल्या सांध्यातूनही एखाद्या कंप्रतेस थोडीच ऊर्जा पार होते, तर दुसऱ्या कंप्रतेस पुष्कळ. सांध्याची रुंदी बदलली तरी उत्तर बदलते. ओहायो राज्य विद्यापीठातील स्टॅनिस्लाव रॉखलिन ह्यांनी १९९१ मध्ये अशा सांध्याशी लॅम तरंगांचा होणारा संयोग सिद्धान्त व प्रयोग ह्या दोन्ही अंगांनी मांडला. त्याच वर्षी लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील डेव्हिड अॅलेन आणि पीटर कॉली ह्यांनी अवकाश व काल ह्या दोन्ही चलांवर फूरिये रूपांतर करून एकमेकांत गुंतलेली चलने वेगळी करण्याची रीत दिली. अपस्करणाचा जो त्रास लॅम ह्यांच्या काळापासून ठाऊक होता, त्याला ह्या रीतीने पुष्कळसा आळा बसला. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात जोसेफ रोझ व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९५ च्या सुमारास विमानाच्या चढत्या सांध्यांसाठी प्रत्यक्ष हाती धरून वापरावयाची साधने तयार केली. २००० मध्ये माइक लो, रिचर्ड चॅलिस आणि चॅन ह्यांनी कोणते चलन निवडल्यास ऊर्जा चांगली पार होते, ह्याचा ऊहापोह केला.

२००४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत फ्रान्चेस्को लान्झा दि स्कालेआ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अॅल्युमिनियमचे तीन प्रकारचे सांधे मुद्दाम तयार करून प्रतिसममित तरंगाने तपासले. एकातील आसंजक पूर्ण पक्व होते, दुसऱ्यातील अर्धवट पक्व, आणि तिसऱ्यात पत्रे एकमेकांस टेकलेले पण घसरू शकणारे होते. हे भेद पार होणाऱ्या तरंगात उमटतात, असे त्यांस आढळले. आसंजक आहे काय आणि ते पक्व झाले आहे काय, ह्या दोन प्रश्नांस अशा प्रकारे उत्तरे मिळू लागली.

७

तिसऱ्या प्रश्नाची अडचण निराळ्या जातीची आहे. ती समजण्यास १९६७ सालचा एक निबंध उपयोगी पडतो. जोन्स आणि व्हिटियर ह्यांनी त्यात असे सुचविले की, लवचीकपणे जोडलेल्या सीमेची कल्पना दोन पृष्ठांमध्ये बसविलेल्या अतिसूक्ष्म स्प्रिंगांच्या स्वरूपात करावी: काही स्प्रिंगा उभ्या, म्हणजे ताणास व दाबास विरोध करणाऱ्या, आणि काही आडव्या, म्हणजे घसरण्यास विरोध करणाऱ्या. पुढील बहुतेक सिद्धान्त ह्या प्रतिमानावर उभे आहेत. केवळ एकमेकांस चिकटून टेकलेली पृष्ठे दाब वाहून नेतात, पण कर्तन वाहून नेत नाहीत. म्हणून जाडीच्या दिशेने जाणाऱ्या दाबतरंगास जो दोष दिसत नाही, तो आसंजकाच्या थरात कर्तन घडविणाऱ्या मार्गदर्शित तरंगास दिसण्याची शक्यता अधिक असते. लव्ह ह्यांनी पृथ्वीच्या थरासाठी कल्पिलेल्या आडव्या कर्तन तरंगांचाच प्रकार आसंजनाच्या मापनासाठी वापरण्याचे काम फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल कास्तँग ह्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले.

तथापि प्रत्येक बाबतीत तरंग स्प्रिंगेची ताठरता मोजतो. ती किती भारास तुटेल, हे तो मोजत नाही. श्राव्यातीत तरंगाने होणारे चलन इतके सूक्ष्म असते की, सांध्यास त्याची झळही लागत नाही, आणि म्हणूनच ही परीक्षा अविनाशक ठरते. परंतु ज्या परीक्षेत सांध्याची ताकद पणास लागत नाही, ती परीक्षा ताकदीविषयी अप्रत्यक्षच बोलू शकते. पत्र्यावर तेलकटपणाचा पुसट थर राहिला असेल, किंवा अॅल्युमिनियमवरील ऑक्साइडचा थर ओलाव्याने पुढे बदलणार असेल, तर सांधा आज पुरेसा ताठर असूनही उद्या सुटू शकतो. अशा सांध्याची आजची ताठरता खरीच असते; तिच्यावरून उद्याचा भरवसा काढणे हीच चूक होय. ह्या दोषावर खरा उपाय परीक्षेने नव्हे, तर रसायनाने दिला. १९७० च्या दशकात फॉस्फोरिक अम्लाने धनाग्रीकरण करून पृष्ठ तयार करण्याची रीत प्रचारात आली, आणि अॅल्युमिनियमच्या सांध्यांचा टिकाऊपणा पुष्कळ वाढला.

विमानवाहतुकीच्या नियमांनीही हा भेद मान्य केला आहे. अमेरिकेच्या संघीय विमानवाहतूक प्रशासनाने २००९ मध्ये संमिश्र पदार्थांच्या संरचनांविषयी जे परिपत्रक काढले, त्यात ज्या सांध्याच्या सुटण्याने विमानाचा नाश ओढवेल, त्याच्यासाठी तीन मार्ग सांगितले आहेत. सांधा सुटला तरी तो ठरावीक मर्यादेपलीकडे पसरणार नाही अशी रचना करावी. किंवा प्रत्येक सांध्यावर प्रत्यक्ष भार देऊन त्याची कसोटी घ्यावी. किंवा सांध्याच्या ताकदीची खात्री देणारी विश्वसनीय अविनाशक परीक्षा वापरावी. तिसरा मार्ग कागदावर मोकळा आहे. पण सर्वमान्य अशी पद्धती त्यासाठी अद्याप मिळालेली नाही. म्हणून कारखाने पृष्ठाच्या तयारीवर कडक देखरेख ठेवतात, आणि चिकटविलेल्या सांध्यातही जागोजाग रिव्हेट किंवा बोल्ट बसवून सुटण्यास बांध घालतात.

रॅली ह्यांच्या निबंधापासून येथवरचा हा प्रवास सव्वाशे वर्षांहून अधिक आहे. भूकंपाच्या अभ्यासात जन्मलेले तरंग एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यापर्यंत आले, आणि जो सांधा पूर्वी नाण्याने ठोकून पाहावा लागे, तो आता पट्ट्यापट्ट्याने तपासता येतो. अलोहाच्या विमानात सांधे ज्या प्रमाणात सुटले होते, तितका बिघाड ह्या पद्धतींनी ओळखता येण्याजोगा आहे, ही काही लहान प्राप्ती नव्हे. मात्र यंत्राने सांधा शाबूत असल्याचा निर्वाळा दिला, म्हणजे तो बळकट असल्याचाही निर्वाळा दिला, असे समजणे युक्त नाही. तपासनिसाच्या अहवालात हे दोन निर्वाळे वेगळे लिहिले जावेत, एवढी शिकवण ह्या इतिहासापासून निश्चित घेता येते.